अर्धा तास मागे

मी कठड्याच्या या बाजूला,
कंपनीचा निळा शर्ट अंगात तसाच,
एका दंतवैद्याच्या छतावरचा कॉम्प्रेसर
अर्धवट उघडा टाकून आलेला.
बाहेर वेगस शेहेचाळीस अंशांत भाजतंय,
आत एवढा गारठा की बायकोने
हॉस्पिटलचा स्वेटर घातलाय.

नऊ जण. नवांत तिचीच रास बुटकी.
बाकीच्यांच्या नावाखाली देश लिहिलाय,
लूर्देस मागतिबायच्या खाली
'नर्स'.

पहिला तास ती नुसते पत्ते टाकत बसली.
कोपरा उचलायची, बघायची, ठेवून द्यायची,
रात्रपाळीत पांघरूण उचलून सुईची जागा बघते तशी.
शेजारी ब्राझीलचा ओताविओ चिप्स खुळखुळवत होता.
सुटत चाललेल्या बेअरिंगचा आवाज.
मनात म्हटलं, हा जाणार.
गेला.

मग अठ्ठ्यांची जोडी घेऊन तिने सगळं पुढे लोटलं.
समोर एक्का-राजा.
पाच पत्ते उलटेपर्यंत मी
खिशातला टेस्टर आवळून धरला होता,
तळहातावर वळ अजून आहे.
अठ्ठ्या टिकल्या.
तिने रास रचली, रंगवार, घाई न करता,
औषधांचा ट्रे लावावा तशी.

ड्वेन हॅकबार्थ, टेक्ससचा.
तीस वर्षं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलेला माणूस.
तिच्या हातात राजांची जोडी,
टेबलावर चौकटचा एक्का,
आणि त्याने होतं नव्हतं ते लावलं.
ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.
डायलिसिसच्या खुर्च्यांमधून एकवीस वर्षं फिरलीय,
पहाटे चारला कुणाचा रक्तदाब घसरणार
हे यंत्राआधी तिला कळतं.
शीर शांत होती.
राजे तिने उपडेच सरकवून दिले.

पुढे ड्वेन पाचवा गेला.
स्वच्छतागृहात शेजारच्या नळावर भेटला.
"तुमच्या मंडळींना सांगा,
काही नव्हतं माझ्याकडे.
दश्शी आणि नव्वी.
गिऱ्हाईक बघून बोली लावली."
हात पुसले त्याने. मीही पुसले.
सांगितलं नाही.

तिघं उरले.
फिनलंडच्या एटूने टोपी डोळ्यांवर ओढली.
तिला राण्या आल्या, बदाम आणि इस्पिक.
सगळं मधे.
त्याच्याकडे एक्का-पंजी, दोन्ही किल्वरची.
सत्ती, दुर्री, गुलाम. राण्या पुढे.
तिर्री. अजून पुढे.
वाटणाऱ्या मुलीने मूठ टेबलावर टेकवली,
वरचा पत्ता बाजूला टाकला,
खालचा उलटला.
एक्का.

लूर्देसने एटूशी हात मिळवला,
किंचित जास्त वेळ धरला,
नाडी बघितल्यासारखा.
मग कागद, सह्या, कराचे कागद, पुन्हा सह्या.
तिसऱ्या नंबरचे पैसे
घराचं कर्ज फेडून वर उरतील,
पण कुणीच आकडा उच्चारत नव्हतं.
स्वेटरची बटणं लावत म्हणाली,
"गाडी कुठल्या मजल्यावर?"

चौथ्या.
गाडीत बसतो तोच फोन वाजला.
बातांगासहून बहीण. तिथे उद्याची दुपार,
आणि प्रक्षेपण अर्धा तास मागे.
"राण्या आल्यात गं तुला! दोन राण्या!"
मागे भाऊ, भाचरं, शेजारीपाजारी,
सगळं घर ओरडत होतं.
"हो?" ती म्हणाली. "मग बघा नीट."
फोन बंद केला नाही,
मांडीवर उपडा ठेवला.

आमच्या गाडीचा एसी तीन आठवडे बंद.
हसा खुशाल.
काचा खाली केल्या,
रात्री अकराचं वाळवंट आत येऊन बसलं.
सिग्नलला ती म्हणाली,
"ड्वेनकडे एक्का होता ना?"

उद्या व्हिडिओत दिसेलच तिला.
बहिणीला आत्ताही माहीत आहे,
साऱ्या जगाला माहीत आहे.

"होता," मी म्हटलं.

तिने मान मागे टेकवली.
मांडीवरच्या फोनमधला गलका
एकदम थांबला.
सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता,
मागचा हॉर्न देत होता.